उजव्या बाजूनं हाक

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि नवऱ्याचं नाव मी सरळ तोंडानं एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल चारदा, तेही बायांनी दार अडवलं तेव्हा. उखाण्यातलं चालायचं. सुटं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं आम्हाला आयांनी शिकवलेलं. मी कोणाचं फारसं ऐकणारी बाई नव्हे, पण हे मात्र मुकाट ऐकलं होतं. घरात मी 'अवो' म्हणायची. बाहेर 'पोरीचे बाबा'.

सासूची त्याहून गंमत. यांचं नाव यांच्या आज्याचं ठेवलेलं, म्हणजे माझ्या सासूच्या सासऱ्याचं. सासऱ्याचं नाव सून कशी घेणार? तर तिनं पोटच्या पोराला पाळण्यातच 'बापू' करून टाकलं. हे भजनं छान म्हणायचे म्हणून गावानं यांना 'बुवा' केलं. पोरगी माझ्या माहेरी शाळेला होती, ती 'बाबा' म्हणायची. म्हणजे जित्या माणसाचं खरं नाव पटवाऱ्याच्या कागदावर तेवढं उरलं होतं, आणि आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मीही इथं त्यांना 'हे'च म्हणणार आहे. एक तर सवय, आणि दुसरं म्हणजे ते नाव बोलायचं आहे, लिहायचं नाही.

आमचं गाव नागभीडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका बाजूनं तलाव आणि दुसऱ्या बाजूनं जंगल. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता, धान निसवायला आलं होतं. हे सकाळी विहिरीवर चूळ भरत होते आणि हातातला लोटा खाली पडला. मी आतूनच ओरडले, "पितळेचा आहे तो, माह्या माहेरचा! पोचा पडला ना!" माणूस कोसळत होता आणि बायकोला लोट्याची पडली होती. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आले. हे चिखलात बसले होते. तोंड डावीकडं ओढलं गेलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, जणू दुसऱ्याच कोणाचा. माझ्याकडं पाहून काहीतरी सांगायला गेले आणि तोंडातून नुसतं "ब... ब... ब..." निघालं. ते ऐकून तेच घाबरले. चाळीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी, स्वतःच्या आवाजाला घाबरला.

"वारं गेलं वं माय, माह्या बापूच्या अंगावरून वारं गेलं," सासू ऊर बडवायला लागली.

मग गावातल्या शहाण्यांनी यांना आतल्या खोलीत घातलं. वाऱ्यानं मारलं, म्हणून पुन्हा वारा लागू द्यायचा नाही. खिडकीला पोतं, दाराला पोतं, भिंतीच्या भोकांत धानाचं तणीस. कोणीतरी दोन कबुतरं मारून त्यांचं रक्त उजव्या अंगाला चोळलं. ते वाळून अशी घाण मारायला लागलं की विचारू नका. चोळणारा गेला की मी गरम पाण्यानं धुऊन काढायची, आणि सासूला सांगायची, अंगात मुरलं म्हणून.

पण गावाला नुसती नावं ठेवली तर माझ्या तोंडात किडे पडतील. आमच्या गावात खंजेरीवाल्यांचं भजन मंडळ होतं आणि हे त्यात पहिला आवाज द्यायचे. मंडळाचे म्होरके कोष्टी होते, साठीचे, आमच्या घरासमोरच त्यांचा माग होता. सारे त्यांना भाऊ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आजपासून बुवा तुह्या एकटीचा नाई, मंडळाचा आहे. पाळ्या लावतो." आणि खरंच लावल्या. रोज दोन माणसं आमच्या धानाच्या बांधीत आणि दोन माणसं यांच्यापाशी. कूस बदलायला, उचलून बसवायला, अंग पुसायला. बायांनी माझ्यासाठीही पाळी लावली. दुपारी एक जण यायची, माझ्या हातातलं काम काढून घ्यायची आणि दरडावायची, "झोप जाऊन. तू पडशीन त कोण करीन?" त्या झोपेसाठी मी त्या बायांचे पाय धुऊन पाणी प्यायला तयार होते. संध्याकाळी दिवा लागला की सारं मंडळ आमच्याच अंगणात जमायचं, प्रार्थना व्हायची, मग भजन. धानाला कापणी लागली तर ती त्यांनीच कापली. माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं.

आठ-दहा दिवस झाले असतील. अंगणात भजन चाललं होतं आणि आतल्या अंधारातून आवाज आला. यांचा आवाज. चुकत नव्हता, अडखळत नव्हता, सगळे शब्द जिथल्या तिथं. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तो माणूस अख्खं भजन म्हणत होता. बाहेरच्या खंजेऱ्या थांबल्या. सासू उंबऱ्यावर आडवी पडली. मी तर रडले, हसले, काय काय केलं मला आठवत नाही. आत जाऊन मी यांचा हात धरला आणि म्हटलं, "बोला ना वो, काही त बोला." यांनी तोंड उघडलं. "ब... ब... ब..."

गाणं येत होतं. बोलणं येत नव्हतं. मला यातलं काही उमजलं नाही. भाऊंना मात्र लगेच उमजलं. त्यांनी हात जोडले, डोळे भरून आले, आणि म्हणाले, "बुवाची वाचा देवानं आपल्यासाठी ठेवून घेतली. संसाराचं बोलणं संपलं त्याचं. आता फक्त नाम." भाऊंच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगते. त्यांना खरंच तसं वाटलं. तेच तर वाईट झालं.

पंधरा दिवसांत ही गोष्ट तलावापलीकडच्या गावांपर्यंत गेली. लोक नारळ घेऊन यायला लागले. खोलीवरची पोती निघाली, तेवढं बरं झालं, पण यांना बाहेर पडवीत बाजेवर बसवून गळ्यात झेंडूची माळ घातली. ज्यांची कूस बदलायची, त्यांच्या पाया पडायला लागले. पाळीवर येणारी माणसंही आता अंग पुसायला धजेनात, महाराजांच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून. मी एकदा दोन्ही बगलांत हात घालून यांना उभं करत होते तर भाऊ धावत आले. "काय करून राह्यली बाई? बसल्या देवाले उठवतेस काऊन?" आणि यांना पुन्हा बसवलं. हे माझ्याकडं पाहत राहिले. त्या नजरेत महाराज-बिहाराज काही नव्हतं. बाजारात हात सुटलेलं लेकरू पाहतं, तसे पाहत होते.

मला भीती एकाच गोष्टीची वाटायला लागली. हे असेच राहतील. चालायचे नाहीत, बोलायचे नाहीत, माळ घालून बसतील, आणि हळूहळू यांनाही वाटायला लागेल की आपण आता माणूस नाही. मला माझा माणूस परत पाहिजे होता. भांडणारा, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवणारा. महाराज मला नको होता.

कार्तिकातली गोष्ट. अंगणात पंचवीस-तीस माणसं, परगावचीही होती. मी आत चहाचं आधण ठेवलेलं. बाहेर यांनी भजनाची एक ओळ उचलली, मंडळानं झेलली. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. आवाज चढत गेला, तसा टाळांचा जोरही चढत गेला. पाचव्यांदा तीच ओळ आली आणि आवाज फाटला. मी बाहेर पळत आले. हे गात होते, डोळे माझ्या दाराकडं, आणि डाव्या हातानं धोतरावर थापा मारत होते. मी पोचेपर्यंत व्हायचं ते झालं. धोतर, बाज, खालची जमीन, सगळं ओलं. यांनी डोळे मिटले आणि गालांवरून पाणी ओघळलं. माझ्या बाजूची परगावची बाई हळहळून म्हणाली, "पाहा माय, कशी समाधी लागली."

माझं डोकं फिरलं. मी आधी ती माळ तोडली. "उठा! सारेच्या सारे उठा! माणूस लघवीले न्या म्हणून बोंबलून राह्यला आन तुमी टाळ पिटून राह्यले! त्याले दुसरे शब्द येत नाई म्हणून हे शब्द म्हणते तो! पाणी पाहिजे तरी हेच म्हणते, भूक लागली तरी हेच म्हणते!"

भाऊ उभे राहिले. "बाई, देवाच्या कामात असं बोलू नये."

"देवाले लघवी लागत नाई, भाऊ. माह्या नवऱ्याले लागते. जा घरी."

लोक गेले. पाळ्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सासूनं माझ्याशी अबोला धरला. एवढा मोठा गडी मी एकटी उचलायची, बसवायची, धुवायची. पाठीचा कणा मोडतो की काय असं व्हायचं, पण माझा हेका सुटला नाही. तोंड चालवलं होतं ना, मग आता हातही चालव, असं मी स्वतःलाच सांगायची.

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकावरचे शिंपी चाचा आले. मुसलमान, पण रोज संध्याकाळची नमाज पढून आले की आमच्या फाटकापाशी बसून भजन ऐकायचे, कधी आत यायचे नाहीत. दारातूनच म्हणाले, "बहू, माझ्या अम्मीलेही लकवा मारला होता. जंगलापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं त दोन पावलं चालाले लागली होती. गाडी जुंपू का?" मी गोधडी आणायला आत गेले.

दवाखान्यात एक नर्सबाई होती, नगरकडची, पांढऱ्या लुगड्यातली, डोळ्यांवर चष्मा, बोलणं एकदम पुस्तकासारखं. तिनं वही उघडली आणि विचारलं, "नाव काय यांचं?"

मी चाचांसाठी मागं वळून पाहिलं. चाचा बैलांना पाणी पाजायला गेलेले.

"अहो बाई, नाव?"

"आमच्या देवळातल्या देवाचंच आहे," मी म्हटलं.

"तुमच्या देवळात देव किती?"

"तीन."

तिनं लेखणी खाली ठेवली. हसावं की रागवावं, तिला कळेना. चाचा आले, त्यांनी नाव सांगितलं, तिनं लिहिलं. मग ती उठली आणि यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. दुखणं झाल्यापासून हे उजवीकडं पाहतच नव्हते. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहायची, उजवीकडून माशी आली तरी पत्ता नसायचा. आम्ही म्हणायचो, मान आखडली. नर्सबाईनं उजव्या कानामागं उभं राहून यांचं नाव घेतलं, सरळ, मोठ्यानं, मास्तर पोराला उठवतो तसं.

मान वळली. थरथरत, अडत, पण वळली. आणि यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं.

"किती वर्षांनी ऐकलं असेल यांनी हे?" ती म्हणाली. मी पदराचं टोक चावत होते.

मग मी तिला गाण्याचं सांगितलं, महाराजांचं सांगितलं, माळ तोडल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "मी पाहिलेत असे. आमच्याकडे एक म्हातारा अख्खी प्रार्थना सरळ म्हणायचा आणि भाकर मागता यायची नाही. डोक्यात गाण्याची खोली वेगळी असते, बाई. बोलण्याची जळाली, गाण्याची वाचली. देवाचा कोप नाही, चमत्कारही नाही. पण दार उघडं आहे, ही त्याची कृपा समजा. त्याच दारानं बाकीचं बाहेर काढा. पाणी, भाकर, चालीवर म्हणा आणि म्हणवून घ्या. रोज उभं करा, रोज चालवा. आणि उजव्या बाजूनं नावानं हाक मारा. शंभर वेळा मारा."

"नावानं?" मी म्हटलं. "आयुष्य कमी होते ना."

"आणि न घेऊन किती वाढलं?"

निघताना तिनं यांच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या देवाची प्रार्थना केली. यांनी डोळे मिटले, मीही मिटले. चाचांनी आपले दोन्ही तळहात पसरले. बदल्यात तिनं आमच्याकडून काही मागितलं नाही, फक्त म्हणाली, "हिंमत सोडू नका."

परतीच्या वाटेवर, जंगलातला पट्टा लागला तेव्हा चाचा गाडीवरून उतरले आणि बैलांच्या पुढं चालायला लागले. मला कळलं का ते, नाव घ्यायला मला आडोसा मिळावा म्हणून. मी यांच्या उजव्या बाजूला सरकले. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. पुन्हा उघडलं. "अवो," मी म्हटलं. मान वळली नाही. पंधरा वर्षं ज्या 'अवो'वर हा माणूस ओ देत होता, तो 'अवो' आता पोचत नव्हता. गाव येईपर्यंत मी सात-आठ वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. नुसता वारा निघाला. माझ्यासारख्या बाईचं असं व्हावं!

गुरुवार होता. मारुतीच्या पारावर मंडळ जमलं होतं, बाया एका अंगाला, माणसं एका अंगाला. सासूही तिथंच. मी चाचांना म्हटलं, गाडी सरळ पारापाशी घ्या. प्रार्थना संपेपर्यंत थांबले, मग पुढं झाले.

"भाऊ, त्या दिवशी मी माळ तोडली, त्याची माफी मागते. लोकायले हाकललं, त्याची मागत नाई."

मी नर्सबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. म्हटलं, मला मंडळ परत पाहिजे. खंजेरीवर तुम्ही यांना चालवा. भजनाच्या चालीवर पाणी म्हणा, भाकर म्हणा. एकटीच्यानं होत नाही माझ्या.

"भजनात भाकर?" कोणीतरी हसलं.

भाऊ हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, देवानं ज्याले जवळ घेतलं, त्याले तू पुन्हा संसारात ओढून राह्यली. बुवा आता तिकडचा आहे."

आणि तेव्हा ते निघालं. माझ्या तोंडून, सगळ्या गावासमोर, देवासमोर, सासूसमोर, उखाणा नाही, आडपडदा नाही. "तो बुवा नाई! तो महाराज नाई! तो माहा..." आणि मी नाव घेतलं. मोठ्यानं. गाडीकडं तोंड करून पुन्हा घेतलं. बायांनी तोंडावर पदर घेतले. सासूनं दोन्ही कानांत बोटं घातली.

गाडीत, गोधडीच्या टेक्याला, यांची मान माझ्याकडं वळली. मी उजवीकडं उभी होते.

भाऊंनी ते पाहिलं. मी आजपर्यंत म्हणते, बाकी कोणी पाहिलं असेल नसेल, भाऊंनी पाहिलं. ते उठले, काठी घेतली आणि घरी चालते झाले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खटखट ऐकू आली. भाऊ आणि दोन माणसं चार मेढी ठोकत होती. त्यांच्यावर कमरेइतक्या उंचीला दोन लांब बांबू आडवे बांधले, समोरासमोर, मधून एक माणूस चालेल एवढी जागा ठेवून. भाऊ माझ्याकडं न पाहता म्हणाले, "धराले पाहिजे ना काहीतरी." मग संध्याकाळी खंजेरी घेऊन यांच्यासमोर बसले, पाया पडले नाहीत, आणि अगदी अवघडून, लाजत, भजनाच्या चालीवर सुरू झाले, "पाणी, पाणी, पाणी द्या हो..." मधेच थांबून कुरकुरले, "आज पाणी आलं, उद्या वरण येईन. परवा वांग्याची भाजी." मंडळ खो खो हसलं. हेही हसले, अर्ध्या तोंडानं. दुखण्यानंतर पहिल्यांदा.

पाळ्या परत लागल्या. आता त्या वेगळ्याच होत्या. सकाळी दोन माणसं बांबूंच्या मधून यांना चालवायची आणि तिसरा ठेका धरायचा. ठेक्यावर पाय उचलायचा, समेवर टेकवायचा. पहिले आठ दिवस पाय फरपटतच यायचा. मी उजव्या बांबूपाशी उभी राहून हाक मारायची. नावानं. पहिले काही दिवस प्रत्येक हाकेला माझे कान तापायचे. मग तापायचे बंद झाले. मग तर मी पाणी भरताना, धान कांडताना, चुलीपुढूनही हाक मारायला लागले. आजूबाजूच्या बायांना आधी हसू यायचं, मग तेही थांबलं.

सासूनं मात्र हार मानली नाही. ती भांडली नाही, तिनं दुसराच उपाय काढला. मी नाव घेतलं की ती देवापुढच्या वाटीत तांदळाचा एक दाणा टाकायची. एका हाकेनं जेवढं आयुष्य कमी झालं तेवढं भरून काढायला. मी अंगणातून हाक मारायची आणि आतून 'टिक' असा आवाज यायचा. वाटी भरली की ती दुसरी वाटी मांडायची. मला सुरुवातीला संताप यायचा. नंतर एकदा मी आत डोकावले तर म्हातारी डोळे मिटून, दाणा बोटांत धरून, माझ्या पुढच्या हाकेची वाट पाहत बसलेली. संताप गेला. तिचा पोरगा होता. तिला जेवढं येत होतं तेवढं ती करत होती. आम्ही दोघी एकाच माणसाला दोन बाजूंनी ओढत होतो, आणि ओढ एकाच दिशेची होती.

चालीवरचं पाणी यांना महिन्याभरात यायला लागलं. तहान लागली की "पाणी द्या हो" गायचे. भाकर आली, मीठ आलं, भाऊंनी म्हटल्याप्रमाणे वरणही आलं. पण सगळं चालीवर, सगळं आम्ही शिकवलेलं. यांच्या मनातलं, यांचं स्वतःचं, एकही अक्षर नाही. नर्सबाईकडं दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, "येईल का?" ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "सांगता येत नाही. तुम्ही थांबू नका." मग मी कशाला थांबते?

फागुन लागला. मोहाची फुलं पडायला लागली होती, मी अंगणात फुलं वाळत घातली होती आणि हे बांबू धरून उभे होते, एकटे. तोवर ते बांबूच्या आधारानं एकटे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. दुपारची वेळ, समोर भाऊंचा माग खटाखट चाललेला, रस्त्यानं दोन-चार माणसं बाजाराला निघालेली. मी फुलं पसरता पसरता उजव्या अंगाला आले आणि सवयीनं, घसा खरवडून, यांच्या नावानं हाक मारली. आतून 'टिक' झालं.

यांची मान वळली. माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं, तिथं थांबून आमच्याकडं पाहणाऱ्या माणसांकडं पाहिलं. कपाळावर आठी पडली. ती जुनी आठी, मीठ जास्त झालेली. तोंड हललं. मला वाटलं आता 'ब ब' होणार.

"हळू," हे म्हणाले.

चाल नाही, ठेका नाही.

"हळू वं," हे पुन्हा म्हणाले, जड जिभेनं, रागानं, लाजेनं, "लोक... आयकते."

माझ्या हातातली फुलं सगळी खाली सांडली. पाच महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते आलं, आणि ते काय आलं? बायकोनं चारचौघांत नाव घेतलं म्हणून नवऱ्याला लाज वाटली! मेल्या माणसाला लाज वाटत नाही, देवाला वाटत नाही. माझ्या नवऱ्याला वाटली. मी हसत होते की रडत होते ते भाऊंना विचारा, ते माग सोडून दारात येऊन उभे होते.

"बरं," मी म्हटलं, "हळू म्हणते."

तेवढ्यात आतून सासू बाहेर आली. लुगड्याला हात पुसत, डोळे लाल. ती यांच्यापाशी गेली नाही, माझ्यापाशी आली. तिनं माझा दंड धरला, गच्च, हाडापर्यंत रुतेल असा.

"हळू काऊन म्हणतेस?" ती मला दरडावून म्हणाली. "मोठ्यानं म्हण वं पोरी. सारं गाव आयकू दे."

मी म्हटलं. रस्त्यावरची माणसं ऐकत राहिली. हे बांबू धरून उभे होते, कानापर्यंत लाल झालेले. मी आतल्या 'टिक'ची वाट पाहिली, पण सासू माझ्या दंडाला धरून तिथंच उभी होती. त्या हाकेचा दाणा तिनं टाकला नाही.